५३-एन क्रमांकाची बाटली

१९ सप्टेंबर १९०२ रोजी परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत लसीची एक बाटली भरून बंद झाली. तिचा क्रमांक ५३-एन. ४१ दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती उघडली गेली. त्या दिवशी गावात १०७ जणांना प्लेगाची लस टोचली आणि त्यासाठी पाच बाटल्या लागल्या. ५३-एन वाट्याला आली ती १९ जणांच्या. आठवडाभरानं, ६ नोव्हेंबरला, त्यांच्यात धनुर्वाताची पहिली लक्षणं दिसली. जबडे आखडले, अंग धनुष्यासारखं ताणू लागलं. त्या १९ जणांपैकी एकही वाचला नाही. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचून घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे आणि केव्हा, या प्रश्नापासून. परळला बाटली भरताना, की मुलकोवालला ती उघडताना? पुढची पाच वर्षं हा प्रश्न मुंबई, कलकत्ता आणि लंडनमध्ये फिरत राहिला. चौकशी आयोगाचा निष्कर्ष, सरकारी गॅझेटात छापलेली कागदपत्रं, ‘नेचर’मधला लेख, लंडनच्या ‘टाइम्स’मधलं दहा शास्त्रज्ञांचं पत्र असा ऐवज त्यातून मागे राहिला. रुग्णालयात अपघात घडला की त्याची मूळ कारणं शिस्तीनं शोधायची पद्धत आता जगभर रूढ आहे. ती पद्धत जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तिचे सगळे प्रश्न या कागदांत उभे राहिलेले दिसतात. त्यांची उत्तरं शोधताना झालेली गफलतही त्यांत दिसते, आणि तीच गफलत विदर्भात आजही होते आहे. म्हणून हे कागद पुन्हा उलगडायला हवेत.

परळच्या प्रयोगशाळेचे संचालक वाल्डेमार हाफकिन. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले ज्यू जंतुशास्त्रज्ञ. पटकीची लस घेऊन ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारनं त्यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत तीन महिन्यांच्या आत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली, आगाखानांनी स्वतः पुढे होऊन ती घेतली, आणि १८९९ मध्ये परळचं जुनं गव्हर्न्मेंट हाउस या कामासाठी मिळालं.

लस करण्याची रीत थोडक्यात अशी. प्लेगाचे जंतू वाढवायचे, उष्णतेनं मारायचे आणि त्या द्रवात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. कार्बोलिक ही जादा राखण होती. चुकून एखादा परका जंतू आत गेलाच, तर त्याला वाढू न देण्यासाठी.

१९०२ मध्ये पंजाब सरकारनं मोठा बेत आखला. हिवाळ्यात प्लेग उसळतो. त्याआधी लाखो लोकांना लस टोचायची. परळकडे होणारी मागणी एकदम वाढली. एवढ्या प्रमाणावर लस पुरवायची म्हणून हाफकिन यांनी कृती बदलली. जंतू वाढवण्याचं माध्यम बदललं आणि कार्बोलिक वगळलं. जंतू मारण्याचं काम एकट्या उष्णतेवर सोपवलं. ५३-एन ही या नव्या रीतीनं भरलेली बाटली होती.

दुसरा बदल पंजाबात झाला. गावात बाटली कशी उघडायची, हत्यारं कशी निर्जंतुक करायची, याची पद्धत मुंबईच्या प्रयोगशाळेनं घालून दिलेली होती. पंजाबच्या प्लेग अधिकाऱ्यांनी ती रद्द केली. गावोगाव फिरणाऱ्या पथकांना भरभर काम उरकायचं होतं.

म्हणजे एकाच मोहिमेच्या तयारीत, एकाच घाईपोटी, दोन ठिकाणची राखण उठली. एक मुंबईत, एक पंजाबात. दोन्ही निर्णय घेणाऱ्यांकडे आपापली सबळ कारणं होती. अपघात व्हावा अशी इच्छा तर कुणाचीच नव्हती.

३० ऑक्टोबरला मुलकोवालमध्ये लस टोचण्याचं काम डॉ. इलियट यांच्या देखरेखीखाली चालू होतं. नरिंदर सिंग नावाचा मदतनीस बाटल्या उघडत होता. ५३-एनचं बूच काढताना त्याच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या द्रावणात फिरवला आणि त्याच चिमट्यानं काम पुढे नेलं. हे चौकशीतल्या साक्षींमध्येच नोंदलेलं आहे. धनुर्वाताचे बीजाणू कुठे असतात? मातीत, जनावरांच्या शेणात. खेड्यातल्या मोकळ्या जमिनीवर पडलेल्या चिमट्याला ते चिकटले असतील, तर कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून ते मरत नाहीत. तीव्र द्रावणातही ते तासन्‌तास तग धरतात. खात्री हवी असेल तर दाबाखालची वाफ हवी, नाहीतर ज्योत.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. सोबत दोन वैद्यकीय अधिकारी, त्यांपैकी एक कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख सेंपल. माणसं नामवंत होती, अभ्यासू होती. त्यांनी निष्कर्ष काढला की जंतू बाटली उघडण्याआधीच आत होते. परळला निर्जंतुकीकरण अपुरं राहिलं असावं किंवा बाटली भरताना मलिनता शिरली असावी, आणि कार्बोलिक वगळल्यामुळे तिला अटकाव राहिला नाही. हाफकिन संचालकपदावरून दूर झाले. पगाराविना रजेवर, डोक्यावर १९ मृत्यूंचा ठपका घेऊन, ते युरोपात परतले.

आयोगाचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. बाटलीतल्या उरलेल्या द्रवात धनुर्वाताचे जंतू सापडले होते, कृती नुकतीच बदलली होती, बदल हाफकिन यांनी केला होता. तीन गोष्टी एका रेषेत आल्या की मन तिथेच थांबतं. पण बाटलीत जंतू सापडले यावरून ते केव्हा शिरले हे ठरत नाही. तपासणी झाली तोवर बाटली उघडून कितीतरी दिवस लोटले होते, आणि तेवढ्या अवधीत थोडक्या बीजाणूंपासूनही भरपूर वाढ होऊ शकते. बदल आणि अपघात एकामागोमाग आले म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही, हे न्यायाधीशाला आणि वैद्याला वेगळं सांगावं लागू नये. तरीही मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांत आधी निसटतं ते हेच भान.

१९०३ नंतर तीन वर्षं हे कागद लोकांपुढे आलेच नाहीत. ज्याच्यावर ठपका, त्याला आपल्याविरुद्धचा पुरावा चारचौघांत तपासून घेता येईना. डिसेंबर १९०६ मध्ये गॅझेट ऑफ इंडियात ते प्रसिद्ध झाले आणि चक्र उलट फिरू लागलं. डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस यांनी ते वाचले आणि मार्च १९०७ मध्ये ‘नेचर’मध्ये आयोगाचाच पुरावा आयोगाच्या निष्कर्षासमोर ठेवला.

त्यांचा युक्तिवाद आजच्या कुठल्याही रुग्णालयाच्या समितीनं मुळातून अभ्यासावा असा आहे. पहिला मुद्दा वासाचा. धनुर्वाताचे जंतू द्रवात वाढले की त्याला उग्र दुर्गंधी येते. ते परळला शिरले असते, तर बंद बाटलीत ४१ दिवस वाढत राहिले असते आणि बूच निघताच कळलं असतं. इलियट यांनी लस वापरण्याआधी तिचा वास घेतला होता. त्यांना वावगं काही जाणवलं नाही. दुसरा मुद्दा दिवसांचा. बाटलीत एवढे दिवस जंतू वाढले असते, तर त्यांचं विषही त्या द्रवात साठलं असतं आणि ते टोचल्यावर लक्षणं फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती दिसली सात दिवसांनी. शरीरात थोडे बीजाणू शिरून तिथे वाढले, तर साधारण एवढाच अवधी लागतो. दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात: जंतू टोचण्याच्या थोडाच वेळ आधी शिरले.

वास आणि दिवस. या दोन्ही गोष्टी आयोगापुढे होत्या. रॉस यांनी नवा पुरावा एकही आणला नाही. जो होता तो त्यांनी काळाच्या क्रमानं मांडला आणि प्रत्येक शक्यतेला विचारलं, ‘हे खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं होतं?’ मूळ कारणांच्या शोधातलं सगळ्यांत कष्टाचं आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम ते हेच.

२९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये दहा जणांच्या सह्यांचं पत्र आलं. रॉस, सिम्पसन, क्लाइन, सिम्स वुडहेड, अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर अशी त्यातली नावं. पत्राचा मुख्य मुद्दा असा की बाटली मुलकोवालला उघडताना दूषित झाली याला भक्कम पुरावा आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेची पद्धत प्लेग अधिकाऱ्यांनी रद्द केली, त्यामुळे चिमटा निर्जंतुक करायचा राहिला, आणि तो चिमटा काम चालू असताना जमिनीवर पडला होता.

या विधानातला क्रम नीट बघावा. आधी रद्द केलेली पद्धत, मग त्यामुळे राहिलेलं निर्जंतुकीकरण, शेवटी पडलेला चिमटा. दहा शास्त्रज्ञांनी कारणांची साखळी वरून खाली मांडली होती. पुढे ही कथा सांगणाऱ्यांनी मात्र बहुतेकदा शेवटची कडीच उचलली. ‘एका मदतनिसाच्या हातून चिमटा पडला आणि थोर शास्त्रज्ञ बदनाम झाला’ अशी ती आज सांगितली जाते. हाफकिन निर्दोष ठरले याचा आनंद रास्तच आहे. पण त्यांच्यावरचा ठपका काढून नरिंदर सिंगच्या माथी मारला, तर आयोगानं जे केलं तेच आपण पुन्हा करतो. फक्त माणूस बदलतो.

नरिंदर सिंगच्या जागी दुसरा कुणीही असता तर काय झालं असतं? चिमटा हातातून पडतोच. शंभरातून एकदा पडेल, हजारातून एकदा पडेल, पण लाखो टोचण्यांच्या मोहिमेत पडणार हे नक्की. पडल्यावर काय करायचं, याची परळनं घालून दिलेली शिस्त वरिष्ठांनीच काढून टाकली होती. कार्बोलिकमध्ये बुडवलं की झालं, ही समजूत त्या काळच्या चांगल्या दवाखान्यांतही होती. समोर माणसं दंड उघडे करून उभी, दिवस मावळायच्या आत गाव पुरं करायचं. या परिस्थितीत त्यानं जे केलं ते बहुतेकांनी केलं असतं. शोध इथून मागे सरकायला हवा: पद्धत कुणी रद्द केली, का केली, रद्द करताना तिच्या जागी काय ठेवलं, आणि परळनं कार्बोलिक वगळलंय हे पंजाबच्या अधिकाऱ्यांनी हिशेबात धरलं होतं का? दोन राखणी एकाच हंगामात उठल्या, आणि त्या दोन्हींकडे एकत्र बघणारं कुणीच नव्हतं, हे माझ्या मते मुलकोवालचं मूळ कारण. आयोगानं एक बदल पाहिला, दहा शास्त्रज्ञांनी दुसरा.

जेम्स रीझन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं पुढे हेच चीजच्या चकत्यांच्या चित्रातून मांडलं: संरक्षणाच्या प्रत्येक थरात भोकं असतात, आणि अनेक थरांची भोकं एका ओळीत आली की अपघात आरपार जातो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अहवाल काढला की तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरत असावीत. त्याच सुमारास तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मूळ कारणांच्या शोधाची रीतसर पद्धत बसवली. त्या कामाचे प्रमुख जेम्स बेजियन हे वैद्य असून अंतराळवीरही होते. चुकलं कोण यापेक्षा घडलं काय, का घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं, हे ती पद्धत विचारते. उपायांचीही ती प्रतवारी लावते. पुन्हा प्रशिक्षण द्या, परिपत्रक काढा, समज द्या, हे दुबळे उपाय. यादी पडताळा, माणसं वाढवा, हे मधले. चूक करताच येणार नाही अशी वस्तूची किंवा जागेची रचना, हा बळकट. निलंबन या प्रतवारीत कुठेच बसत नाही. त्यानं पुढचा रुग्ण सुरक्षित होत नाही.

आता जानेवारी २०२१. ९ तारखेच्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली आणि १० बाळं दगावली. चौकशी समिती नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली बसली. बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रात ठिणगी पडली, तिथून आग पसरली, असं निदान झालं. पाठोपाठ निलंबनं झाली, बदल्या झाल्या, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. आग विझवण्याची पुरेशी यंत्रणा तिथे नव्हती आणि तिच्या खर्चाचा प्रस्ताव वर अडकून होता, हे त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. ज्या परिचारिकेनं रात्री दार उघडून धूर पाहिला, तिची सही त्या प्रस्तावाच्या फाइलवर कुठे असणार?

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत पल्स पोलिओच्या बूथवर १२ मुलांना डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. मुलांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात नेलं, सुदैवानं सगळी बरी झाली. बूथवरच्या तिघांवर निलंबनाची कारवाई करायचं ठरलं. करोनाच्या त्या दिवसांत प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवावंच लागत होतं. म्हणजे मुलाच्या तोंडात द्यायची बाटली आणि हाताला लावायची बाटली एकाच टेबलावर आणणारा निर्णय त्या तिघांच्या कितीतरी वर झाला होता. तिघांना काढलं तरी टेबल तसंच राहतं, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात तिथे दुसरे तिघं बसतात.

निष्काळजीपणाला शिक्षा नको, असा याचा अर्थ नाही. जाणूनबुजून नियम मोडणारा, खोटी नोंद करणारा, पैसे खाऊन यंत्र पास करणारा, यांचा हिशेब कायद्यानं वेगळा करावा. पण तो फौजदारी तपास झाला. त्याला मूळ कारणांचा शोध म्हणून मिरवू नये. दोन्ही एकाच समितीकडे दिले की कर्मचारी तोंड मिटून घेतात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो. नरिंदर सिंगचा चिमटा पडला हे साक्षीत आलं, म्हणून आज आपल्याला खरं कारण कळतं. पडलेला चिमटा सांगितला तर नोकरी जाते, हे एकदा कळल्यावर तो कोण सांगेल?

हाफकिन यांना नोव्हेंबर १९०७ मध्ये पुन्हा नेमणूक मिळाली, पण परळ मिळालं नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत ते गेले आणि प्लेगाच्या लसीच्या मोठ्या मोहिमा पुन्हा त्यांच्या हाती आल्या नाहीत. ते हिंदुस्थान सोडून गेल्यावर, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. पंजाबातली १९०२ ची मोहीम मुलकोवालनंतर कोसळली होती. लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला, आणि १९०७ या एका वर्षात देशात प्लेगानं दहा लाखांहून जास्त माणसं नेली. त्यांतली किती लसीनं वाचली असती, याचा हिशेब मांडता येत नाही. पण ज्या चौकशीला कारण सापडत नाही, तिची किंमत त्या फाइलीबाहेरची माणसं मोजतात, एवढं या आकड्यावरून समजावं.

चिमट्याचा प्रश्न शेवटी सुटला तो वस्तूच्या रचनेतून. आज नागपुरात हुडकेश्वरच्या एखाद्या वस्तीत लसीकरणाचं सत्र भरतं, तेव्हा नर्सच्या हातातल्या इंजेक्शनच्या लसीच्या बाटलीला काढायचं बूचच नसतं. वर रबराचा जाड पडदा, त्याला ॲल्युमिनियमची कड. सुई पडद्यातून आत जाते, बाटली उघडी पडत नाही, चिमटा लागत नाही. सिरिंज एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, दुसऱ्यांदा भरताच येत नाही. बाटलीवर छोटं वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. उष्णतेनं चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की लस बाद. काही लसींच्या उघडलेल्या बाटल्या २८ दिवसांपर्यंत वापरता येतात, पण बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस एकदा द्रवात मिसळली की चार तासांत टाकावीच लागते, कारण तिच्यात जंतूंना अडवणारं द्रव्य नसतं. बाटली केव्हा उघडली तो दिवस आणि ती वेळ नर्स पेननं लेबलवर लिहिते.